एका जुन्या नांगराचे रंगकाम: पहिल्या खेपेला काय चुकले आणि दुसऱ्या खेपेला काय ठरवले

पार्श्वभूमी

हे प्रकरण जनावरांनी ओढायच्या, एका वेळी एकच तास (जमिनीतली नांगरटीची चर) काढणाऱ्या, अंदाजे शंभर वर्षे वयाच्या एका नांगराचे आहे. नांगर मालकांच्या घरात तीन पिढ्या होता आणि त्यातली शेवटची काही दशके तो गोठ्याच्या कडेला उघड्यावर पडून होता. त्याची दांडी पोलादाची, फाळ आणि माती उलटवणारा वक्र पंख पोलादाचे, या सगळ्यांना आतून धरून ठेवणारी बैठक व पुढचे लहान चाक बीडाचे (म्हणजे ओतीव लोखंडाचे), तर मुठी लाकडाच्या होत्या. मालकांना तो घराच्या छत असलेल्या पण तीन बाजूंनी उघड्या पडवीत मांडायचा होता आणि जुन्या अवजारांच्या वार्षिक प्रात्यक्षिकात वर्षातून एकदा त्याने खरोखर चार तास काढायचेही होते. हा दुहेरी हेतू नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचे जवळजवळ सगळे पेच त्यातूनच निर्माण झाले. नुसता मांडून ठेवायचा नांगर कसाही रंगवला तरी खपून जातो. मातीत जाणाऱ्या नांगराचे तसे नसते.

पहिले रंगकाम मालकांनी स्वतःच दोन दिवसांत उरकले होते. ग्राइंडरला तारेचा गोल ब्रश लावून सगळे लोखंड घासले, वर फवाऱ्याच्या डब्यातून रेड ऑक्साइडचा एक हात दिला आणि दुसऱ्या दिवशी दांडी, बैठक, चाक, फाळ, पंख असा काहीही भेद न करता चकचकीत एनॅमलचे दोन हात मारले. नांगर दिसायला देखणा झाला होता, हे मान्यच करायला हवे.

अडचण

सात महिन्यांनी प्रात्यक्षिकाच्या दिवशी नांगर जमिनीत घातला, तेव्हा दुसरा तास संपायच्या आतच पंखावरचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी निघाला आणि जिथे तो टिकून राहिला तिथे ओली माती गच्च चिकटून बसली. माती पंखावरून सरकून उलटायची ती सरकेना, तिचा गोळा पुढे ढकलला जाऊ लागला आणि ओढणाऱ्या जनावरांवर नाहक ताण आला. चौथ्या तासाला नांगर थांबवावा लागला. घरी आणल्यावर तो पाण्याने धुऊन तसाच ठेवला गेला आणि सकाळी उघड्या पडलेल्या पोलादावर नारिंगी गंजाची नक्षी उमटली होती.

हे सगळे पाहायला मला बोलावले तेव्हा पंखाकडे सर्वांचे लक्ष होते, पण माझ्या दृष्टीने जास्त काळजीची जागा दांडी होती, कारण तिला ना माती लागली होती ना घर्षण झाले होते, तरीही तिच्यावरचा रंग नखाने उचलला जात होता. धारदार पात्याने रंगावर उभ्या-आडव्या चिरा पाडून वर चिकटपट्टी दाबून ओढण्याची साधी चाचणी केली, तेव्हा तीन-चतुर्थांश चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या. पट्टीच्या चिकट बाजूला रंग होता आणि रंगाच्या पाठीवर बोट फिरवले तर बोट तेलकट होत होते. कारण तिथेच कळले. जुने वंगण आधी पुसून न काढता तारेचा ब्रश फिरवला होता, त्यामुळे ते निघण्याऐवजी सगळ्या पृष्ठभागावर पातळ पसरले होते. शिवाय तारेच्या ब्रशाला एक फसवी खोड असते: तो सुटा गंज झाडतो, पण घट्ट बसलेला गंज घासून-घासून काळसर चमकदार करतो आणि पाहणाऱ्याला ते स्वच्छ लोखंड वाटते. सांध्यांमधून ओघळलेले तपकिरी डाग हा तिसरा दोष होता, कारण भाग सुटे न करता बाहेरून रंगवल्यामुळे दोन पत्र्यांमधल्या फटीत जुना गंज आणि ओल तशीच कोंडली गेली होती.

आणखी एक गोष्ट तपासणे आवश्यक होते. एनॅमलखाली कुठे कुठे जुन्या रंगाचे अवशेष दिसत होते आणि त्यांच्या तळाशी शेंदरी थर होता. त्या काळी गंजरोधक म्हणून शेंदूर, म्हणजेच शिशाचा ऑक्साइड, सर्रास वापरला जाई. अमेरिकेत १९७८ साली घरगुती वापराच्या रंगांतील शिशावर बंदी आली, तेव्हाही शेतीच्या व कारखान्यांच्या यंत्रसामग्रीवरील रंग त्या बंदीतून वगळले होते. म्हणून अवजार तुलनेने अलीकडचे असले तरी त्याच्या रंगात शिसे नसेलच असे धरून चालता येत नाही. चाचणीच्या काडीने शिसे असल्याचे दाखवले. मालकांनी पहिल्या खेपेला हेच थर मास्क न लावता ग्राइंडरने उडवले होते, हे ऐकून ते थोडे गप्प झाले.

विचारात घेतलेले पर्याय

मालकांची पहिली पसंती सँडब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेने वाळूसारख्या दाण्यांचा मारा करून गंज व रंग उडवण्याला होती. सगळा नांगर एका दिवसात कोऱ्या लोखंडापर्यंत साफ होतो आणि प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराला, उत्तम पकड मिळते, ही त्याची बाजू खरीच आहे. नुसत्या बीडाच्या चाकासाठी मीही तेच सुचवले असते. परंतु शिशाचा रंग फवाऱ्याने उडवायचा तर बंदिस्त जागा व धूळ गोळा करण्याची व्यवस्था लागते, नेहमीच्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते म्हणून गार्नेटसारखा दुसरा दाणा वापरावा लागतो आणि सर्वांत मोठा आक्षेप म्हणजे पंखाचा गुळगुळीत पृष्ठभाग त्याने खरखरीत होतो. पंखाला नेमके हेच चालत नाही. १८३७ मध्ये अमेरिकन लोहार जॉन डीअर यांनी इलिनॉय राज्यातल्या ग्रँड डीटूर येथे तुटलेल्या करवतीच्या पोलादाचा जो नांगर घडवला, त्याचे यश या गुळगुळीतपणातच होते, कारण तिथली चिकट काळी माती बीडाच्या नांगरांना धरून बसे आणि घासून लख्ख केलेल्या धातूवरून मात्र सरकून जाई.

दुसरा पर्याय विजेच्या साहाय्याने गंज काढण्याचा होता. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात वस्तू बुडवून तिला बॅटरी चार्जरचे ऋण टोक आणि साध्या लोखंडाच्या पट्टीला धन टोक जोडले की गंज सुटतो, पण खालचे निरोगी लोखंड झिजत नाही. (पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीच घेऊ नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते, सोड्याऐवजी मीठ वापरल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि हायड्रोजन बाहेर पडत असल्यामुळे हे काम मोकळ्या हवेतच करावे.) लहान सुट्या भागांसाठी ही पद्धत नामी आहे. अख्ख्या दांडीसाठी मात्र तेवढी मोठी टाकी नव्हती आणि या पद्धतीत गंजाबरोबर जुना रंगही सरसकट सुटतो, ही गोष्ट तेव्हा आम्हाला गौण वाटली असली तरी पुढे तीच निर्णायक ठरली.

तिसरा पर्याय मालकांच्याच तोंडून, काहीशा उद्वेगाने आला: “मग रंगवायचाच कशाला?” हा प्रश्न मी गंभीरपणे घेतला. जुना रंग व जुनी झाक तशीच राखून, नुसती सफाई करून मेण लावणे हा जाणकार संग्राहकांचा आवडता मार्ग आहे, कारण मूळ रंग एकदा गेला की परत आणता येत नाही. पण इथे दांडी आणि बैठकीवर मूळ रंग जवळजवळ उरला नव्हता, पडवी तीन बाजूंनी उघडी होती आणि दमट हवेत नुसत्या मेणाच्या भरवशावर खड्डे पडलेले बीड ठेवणे मला धोक्याचे वाटले.

याच सुमारास मालकांच्या वयोवृद्ध आत्या नांगर पाहायला बाहेर आल्या. लहानपणी त्यांनी तो चालताना पाहिला होता. पंखाकडे बघून त्या म्हणाल्या, “याला रंग कुणी लावला रे? दिवस मावळला की आधी हा पुसायचा, तेलाचं फडकं फिरवायचं, मग माणसं जेवायला बसायची.” कारखान्यातून नवा नांगर निघताना पंखावर रंगाचा किंवा वॉर्निशचा हात असे, पण तो वाटेत गंज चढू नये एवढ्यापुरता, पहिल्याच तासात तो घासून जावा अशीच अपेक्षा असे. आत्याबाईंच्या त्या दोन वाक्यांनी पंखाचा प्रश्न निकाली काढला.

शेवटी ठरले ते असे की संपूर्ण नांगराला एकच उपाय लावायचा नाही. माती घासणारे भाग उघडे ठेवून तेला-मेणाने जपायचे, न घासणारे पोलाद व बीड नीट तयार करून रंगवायचे, आणि प्रत्येक भागाची सफाई त्याच्या धातूला झेपेल त्या रीतीने करायची.

केलेली कामे

सर्वप्रथम टर्पेंटाइनने व नंतर साबणाच्या कोमट पाण्याने सगळे वंगण काढले आणि पांढरे फडके पुसल्यावर पांढरेच निघेपर्यंत घासण्याच्या कोणत्याही साधनाला हात लावला नाही. त्यानंतर भाग सुटे करायला घेतले. नांगराचे बोल्ट चपट्या, पत्र्यात बुडणाऱ्या डोक्याचे आणि मानेशी चौकोनी असतात. ती चौकोनी मान खाचेत गंजली की नट फिरवताना बोल्टही सोबत फिरू लागतो. पाचांपैकी तीन बोल्ट गंज सैल करणारे तेल दोन दिवस मुरल्यावर सुटले, एक आठवड्याने सुटला, पाचवा हललाच नाही. गॅसने लाल करून तो काढावा असे या खेपेला कामावर घेतलेल्या रंगकारागिराचे म्हणणे होते. मी नको म्हटले, कारण शेजारची बैठक बीडाची होती आणि बीडाला एका ठिकाणी एकदम उष्णता दिली तर तडा जातो. शिवाय फाळाच्या पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरण्याची भीती होती. तो सांधा तसाच ठेवला. या निर्णयाकडे पुढे परत यावे लागणार आहे.

दांडीवरचा एनॅमल रंग काढताना कामाला अनपेक्षित वळण लागले. रंग काढण्याचे रसायन लावण्यापूर्वी कारागिराने सहज म्हणून प्लॅस्टिकच्या पत्रीने एक सुटलेला पोपडा उचलला, तर त्याच्याखाली वीतभर लांबीचा जुना, मंद झालेला रंग आणि त्यावर पिवळ्या स्टेन्सिलची दोन अक्षरे व किनारीच्या रेघेचा तुकडा दिसला. रसायन लावले असते तर एनॅमलबरोबर तेही विरघळले असते. टाकीत बुडवले असते किंवा दाण्याचा मारा केला असता तर काय झाले असते हे सांगायलाच नको. ज्या तेलकटपणामुळे पहिले रंगकाम फसले, त्याच तेलकटपणाने एनॅमलला या जुन्या रंगाशी एकजीव होऊ दिले नव्हते, म्हणून तो कोरडाच, पापुद्र्यासारखा उचलता आला. त्या वीतभर जागेवर कारागिराने जवळजवळ पूर्ण सकाळ घालवली.

आता त्या अक्षरांचे काय करायचे? मालकांना ती नव्या रंगात पुन्हा लिहून घ्यायची होती. पारदर्शक वॉर्निशचा हात द्यावा असे कारागिराला वाटत होते. वॉर्निश काही वर्षांत पिवळे पडते आणि जुना रंग न दुखावता ते परत काढता येत नाही, म्हणून जेव्हा हवे तेव्हा टर्पेंटाइनने काढता येईल असे सूक्ष्म-स्फटिकी मेण मी सुचवले, आणि तो तुकडा तसाच राखून उरलेली दांडी त्याच्या कडेपर्यंत रंगवायची असे ठरले. रंगाची छटा जुळवण्यासाठी उन्हाने फिकट झालेला हा तुकडा न घेता, सोडवलेल्या सांध्याच्या आत, दोन पत्र्यांच्या मध्ये टिकलेला मूळ रंग घेतला. उजेड न लागलेली ही जागा छटेची सर्वांत विश्वासू साक्षीदार असते.

बैठक आणि चाक यांचा गंज विजेच्या टाकीत काढला. फाळ व पंख मात्र टाकीत घातले नाहीत, कारण कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होण्याची शक्यता असते आणि तो धोका पत्करण्याचे काही कारण नव्हते. टाकीतून काढलेले बीड तासाभरात पिवळसर होऊ लागते, म्हणून ते धुऊन, गरम हवेने वाळवून लगेच प्रायमर द्यायचा असे ठरले होते. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी हवा दमट झाली, प्रायमर पुढे ढकलला आणि अधिकची खबरदारी म्हणून कारागिराने बैठकीवर फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर (गंजाचे स्थिर थरात रूपांतर करणारे द्रावण) लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावरच दोन-घटकी इपॉक्सी प्रायमर चढवला. तीन दिवसांनी चिरांची चाचणी घेतली तर बैठकीवरचा प्रायमर रबरासारखा सुटत होता. धुऊन न काढलेले आम्ल आणि इपॉक्सी यांचे जमत नाही, हे डब्यावरच्या सूचनेत छापलेले होते. सगळा प्रायमर खरडून, बैठक धुऊन, पुन्हा घासून नव्याने सुरुवात केली. यात दोन दिवस गेले, पण चाचणी घेतली नसती तर ही गोष्ट वर्षभराने कळली असती.

रंगवण्याची वेळ दुपारपूर्वीची ठेवली. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांखाली असेल तेव्हाच हात चालवायचा, हा नियम पाळला. सगळ्या कडा, बोल्टची भोके आणि कोपरे यांना आधी ब्रशने प्रायमरचा स्वतंत्र हात दिला, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो व तिथे सर्वांत पातळ राहतो. मग पूर्ण भागावर दोन हात दिले, ज्यांचा मिळून सुमारे १०० मायक्रॉन जाडीचा थर झाला. वरच्या रंगासाठी पॉलियुरेथेन जास्त टिकाऊ ठरला असता, पण त्याच्या कडक करणाऱ्या घटकात आयसोसायनेट असते आणि फवारताना बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो उपलब्ध नव्हता. म्हणून ब्रशने साधा अल्किड एनॅमल दिला. त्याची झळाळी थोडी कमी असते, आणि या वयाच्या नांगराला ती शोभतेही.

पंखाचे काम सर्वांत संयमाचे होते. अशा नांगरांचे पंख बहुधा तिपदरी पोलादाचे असतात, ज्याचे पेटंट १८६८ मध्ये जॉन लेन यांनी घेतले: बाहेरचे दोन्ही थर कडक आणि मधला मऊ, म्हणजे पृष्ठभाग झिजत नाही आणि दगडावर आपटला तरी पंख तडकत नाही. गंजाचे खड्डे पूर्ण जाईपर्यंत ग्राइंडर फिरवला असता तर तो वरचा कडक थरच संपला असता. म्हणून १८० नंबरपासून ४०० नंबरपर्यंतचे पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्यावर लावून, माती ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने हाताने घासले आणि खड्डे तसेच राहू दिले. शेवटी बोटाचे पेर पंखावर फाळाकडून वर फिरवले तर ते कुठे अडत नव्हते, उलट दिशेने मात्र खड्ड्यांच्या कडा हलक्या जाणवत होत्या. तेवढे पुरेसे होते. वर गंजरोधक ग्रीसचा पातळ लेप दिला.

लाकडी मुठींना उकळवलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले आणि वापरलेली फडकी पाण्यात बुडवून ठेवली, कारण अशा तेलाची चुरगळलेली फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

परिणाम

या कामाला आता सव्वीस महिने झाले असून दोन प्रात्यक्षिके पार पडली आहेत. पहिल्या वर्षी सुरुवातीच्या तीन तासांत खड्ड्यांच्या जागी थोडी माती धरली, चौथ्यापासून पंख स्वच्छ चालला. दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच तासाला तो आरशासारखा झाला. दांडी आणि चाकावरच्या रंगाला कुठेही फोड किंवा पोपडे नाहीत. चाकाच्या आसाजवळ रंग घासून गेला आहे, पण तिथे तो टिकावा अशी अपेक्षाही नव्हती.

दोन गोष्टी मात्र साधल्या नाहीत. ग्रीसवर पडवीतली धूळ बसून पंख महिन्याभरात काळपट व किळसवाणा दिसू लागला आणि पाहुण्यांचे हात बरबटले. म्हणून आता वर्षभर त्यावर मेणाचा पातळ थर असतो, जो प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी टर्पेंटाइनने पुसला जातो, आणि नांगर जमिनीतून निघाला की तो शेतातच पुसून, कोरडा करून, तेलाचे फडके फिरवून मगच घरी आणला जातो. दुसरी गोष्ट त्या पाचव्या बोल्टची. न उघडलेल्या सांध्यातून अठराव्या महिन्यात पुन्हा तपकिरी ओघळ दिसला. बाहेरून फट रंगाने बुजवल्यामुळे आतली ओल अडकून राहिली होती. त्यापेक्षा फट उघडी ठेवून तिच्यात पातळ तेल मुरू दिले असते तर निदान पाणी साचले नसते.

वेगळे काय करता आले असते

उष्णता न देण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, पण त्याला जोडून “मग या सांध्याचे काय” हा प्रश्न विचारायला हवा होता, तो आम्ही विचारला नाही. बोल्टचे डोके छिद्र पाडून काढून टाकणे आणि त्या मापाचा नवा चौकोनी मानेचा बोल्ट बसवणे शक्य होते; जुना बोल्ट वाचवण्याच्या नादात सांधा गमावला. रस्ट कन्व्हर्टर व प्रायमर यांचा मेळ बसतो की नाही हे लोखंडाच्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर आधीच पाहता आले असते. सुटे करण्यापूर्वीची छायाचित्रे अपुरी होती, त्यामुळे चाकाचा कंस उलटा बसला आणि नवा रंग खरवडून तो पुन्हा फिरवावा लागला. आणि आत्याबाईंना विचारायचे ते अगदी पहिल्या रंगकामाच्या आधी विचारायला हवे होते. त्या तेव्हाही त्याच घरात होत्या.

स्टेन्सिलच्या तुकड्याबद्दल मालक व माझे मत अजूनही जुळलेले नाही. नव्या रंगाच्या मधोमध तो ठिगळासारखा दिसतो असे त्यांना वाटते. पाचवा बोल्ट पुढच्या महिन्यात छिद्र पाडून काढायचा ठरला आहे, तेव्हा दांडी पुन्हा उतरेल आणि हा विषयही पुन्हा निघेल.